मराठी माध्यमाच्या मुलांचा ऑनलाइन आयटी कोर्स: खानापूर तालुक्यातला सुट्टीतला अनुभव, आणि पुढच्या तुकडीसाठी सल्ला हवाय

मलप्रभाकाठ

नमस्कार सगळ्यांना. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवते. आमच्याकडं कॉम्प्युटरसाठी वेगळे सर नाहीत, त्यामुळं कॉम्प्युटरचं काहीही आलं की ते गणिताच्या टीचरकडं येतं. या एप्रिल-मेच्या सुट्टीत आठवी-नववीच्या १४ मुलांकडून (९ मुली, ५ मुलगे) मी एक मोफत ऑनलाइन कोर्स करून घेतला. हायस्कूलच्या मुलांना आयटीची तोंडओळख, सहा आठवडे, सगळं इंग्रजीत. संगणकाचे भाग, ऑपरेटिंग सिस्टीम, फाइल-फोल्डर, नेटवर्क, लिहिण्याचं आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर, सुरक्षितता आणि शेवटी थोडं प्रोग्रामिंग. काय झालं ते सविस्तर लिहिते.

पहिला आठवडा वाया गेला, आणि तो वाया गेलाय हे मला आठवडा संपल्यावर कळलं. मुलं गप्प बसून व्हिडिओ बघायची, खालची चाचणी सोडवायची, दहात आठ-नऊ मार्क पाडायची. मी खूश. शनिवारी एकीला सहज विचारलं, "रॅम म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "टीचर, दुसरा पर्याय." तिचं उत्तर बरोबर होतं. चाचणीत दुसराच पर्याय बरोबर होता. पण त्या शब्दामागं तिच्या मनात काहीच नव्हतं. मग बाकीच्यांना विचारत गेले आणि सगळ्यांचं तेच. आमची मुलं पाठांतराला पक्की आहेत. न समजलेली इंग्रजी वाक्यं लक्षात ठेवून मार्क पाडायची सवय त्यांना पाचवीपासून आहे, आणि कोर्सनं त्याच सवयीला शाबासकी दिली.

दुसऱ्या सोमवारी मी पद्धत बदलली. व्हिडिओ दर दोन-तीन मिनिटांनी थांबवायचा. एकानं पुढं यायचं आणि आत्ता जे ऐकलं ते घरातल्या आजीला सांगावं तसं मराठीत सांगायचं. रॅम, फाइल, फोल्डर, सर्व्हर हे शब्द आहेत तसेच ठेवायचे, त्यांचं भाषांतर करत बसायचं नाही, पण वाक्य आपलं पाहिजे. पहिले दोन दिवस कुणाचं तोंडच उघडेना. तिसऱ्या दिवशी जांबोटीकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "टीचर, रॅम म्हणजे पाटी आणि हार्डडिस्क म्हणजे वही. गणित पाटीवर करायचं, पटापट होतं, पण लाइट गेली की पाटी पुसली जाते. ठेवायचं असेल तर वहीत उतरवायला पाहिजे, तेच सेव्ह." आमच्याकडं पावसाळ्यात लाइट कशी जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. सेव्ह का करायचं हे त्या दिवसानंतर मला एकदाही सांगावं लागलं नाही.

फाइल-फोल्डरला मात्र चार दिवस गेले. कोर्स करणाऱ्यांनी गृहीत धरलंय की मुलाला फोल्डर ठाऊक असतो. आमची मुलं फोनवर वाढलीत. फोनमध्ये फोटो "गॅलरीत" असतो, गाणं "ॲपमध्ये" असतं, ते कुठं तरी एका जागी ठेवलेलं असतं ही कल्पनाच नाही. एकीनं निबंध टाइप केला, सेव्ह केला, खिडकी बंद केली आणि रडायला लागली, गेला म्हणून. मी त्यांना शाळेच्या स्वयंपाकघरात नेलं. फडताळ, फडताळात खण, खणात डबा, डब्यात पुडी. हळदीची पुडी सांगायची तर पत्ता कसा सांगशील? फडताळ, वरचा खण, पितळी डबा, हळद. मग संगणकावर येऊन तोच पत्ता वरच्या पट्टीत वाचायला लावला. त्या मुलीनं तिचा निबंध स्वतः शोधून काढला.

सगळ्यात जास्त शिकवलं ते हिशोबाच्या तक्त्यानं. कोर्समध्ये उदाहरण होतं एका सहलीच्या बजेटचं, विमानाचं तिकीट, हॉटेल. मी ते सोडून दिलं आणि म्हटलं, घरातून डेअरीचं दुधाचं कार्ड आणा. तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, दर. दहा दिवसांचं बिल सूत्रानं काढायचं. लिटर गुणिले दर, खाली बेरीज. ज्या मुली "मला कॉम्प्युटर येत नाही" म्हणायच्या त्या अर्ध्या तासात सूत्र खाली ओढायला शिकल्या, कारण आपली बेरीज कार्डाशी जुळते का याची त्यांना खरोखर उत्सुकता होती. एकीनं सकाळच्या आणि संध्याकाळच्या फॅटची सरासरी वेगवेगळी काढली. संध्याकाळची जास्त आली. का, म्हणून तिनं घरी विचारलं. तिच्या आजीनं सांगितलं की सकाळच्या धारेनंतर संध्याकाळची धार लवकर येते, मधले तास कमी, म्हणून दूध थोडं आणि दाट. आजीला ठाऊकच होतं. पण नातीनं ते आकड्यांतून स्वतः शोधलं होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी खूप समाधानात होते.

आता अडचणी. शाळेत चालू स्थितीतले संगणक तीनच. आमच्या दोन-तीन वाड्यांत सिग्नल म्हणजे टेकडीवर जाऊन उभं राहायचं. मुलींना घरी फोन मिळतो तो वडील कामावरून आल्यावर, आणि तेव्हा भाकरी-भाजीची वेळ असते. मुलग्यांना तो आधी मिळतो, हे लिहायला वाईट वाटतंय पण खरं आहे. कोर्सची नावनोंदणी ईमेलनं होती, १४ पैकी ११ जणांचा ईमेल नव्हता.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दर रविवारी नवी तुकडी घ्यायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणी असं केलंय का? मराठीतून काही चांगलं साहित्य आहे का? आणि मुख्य प्रश्न, मी मराठीतून सांगायला लावते हे बरोबर करतेय ना? आमच्याच स्टाफमध्ये यावर दोन मतं आहेत.

---

निपाणीची आई

टीचर, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझी मुलगी आठवीत आहे. फोनबद्दल तुम्ही लिहिलंय ते आमच्याही घरचं आहे, आजपासून बदलते. एक विचारायचं होतं, या कोर्सचं सर्टिफिकेट नोकरीला चालतंय काय? तिचे वडील तेच पहिलं विचारणार.

---

स्पष्ट बोलतो बेळगाव

टीचर, तुमच्या कष्टाला नमस्कार. पण माझं मत वेगळं आहे आणि ते मी मांडणारच. मी स्वतः मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालो आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला सायन्स घेतलं. पहिल्या दिवशी वर्गात सगळं इंग्रजी. सहा महिने मला वाटत होतं की माझ्यात काही तरी कमी आहे. दुसऱ्या वर्षी सोडलं. आज दुकान आहे, बरं चाललंय, पण ती सल गेली नाही. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे, मच्छ्यात त्याचं मुख्यालय. राज्यभरातली इंजिनिअरिंगची पोरं त्याच्या नावानं डिग्री घेतात. त्यात आपल्या मराठी शाळांतली किती? इंग्रजी कोर्स मिळालाय तर तो इंग्रजीतच करू द्या, आत्ताच ठेच लागू दे. मराठीत सांगून तुम्ही ती ठेच दोन वर्षं पुढं ढकलताय.

---

पुण्यातला येळ्ळूरकर

मीही येळ्ळूरच्या बाजूचा, मराठी माध्यम, मग पीयूसी, मग इंजिनिअरिंग. गेली १६ वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. वरच्या दादांची सल मला पूर्ण ठाऊक आहे, मीही त्याच बाकावर बसलोय. पण मी तरलो कसा ते सांगतो.

हॉस्टेलवर माझा रूममेट गोकाकचा, कन्नड माध्यमाचा. दोघांनाही वर्गात काही कळायचं नाही. रात्री मी त्याला मोडक्या कन्नडमध्ये सांगायचो, तो मला मोडक्या मराठीत. प्रोग्राममधला लूप, म्हणजे तेच काम परत परत करायला लावणं, हे आम्ही मोटेच्या बैलांवरून समजून घेतलं: बैल पुढं, बैल मागं, विहिरीत पाणी आहे तोवर. "पाणी आहे तोवर" ही अट. अट लिहायला विसरलास तर बैल कोरड्या विहिरीवर फिरत राहतील. एकदा हे डोक्यात बसलं की इंग्रजी पुस्तकातलं पान वाचायला सोपं झालं, कारण काय लिहिलं असणार ते आधीच ठाऊक होतं. न समजलेल्या गोष्टीचं इंग्रजी आणि समजलेल्या गोष्टीचं इंग्रजी यात फार फरक आहे. दादा, आपल्याला पीयूसीत ठेच लागली ती इंग्रजीची कमी आणि गोष्टच ठाऊक नसण्याची जास्त. दोन्ही एकाच दिवशी अंगावर आल्या.

टीचर, तुम्ही बरोबर करताय. एक भर घाला. प्रत्येकाला वही द्या, पानाचे दोन भाग. डावीकडं व्हिडिओतलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं, उजवीकडं मुलाचं स्वतःचं मराठी. आणि शेवटच्या दोन आठवड्यांत उलटं करा: मराठी झाकायचं आणि इंग्रजीत बोलायचं. चुकीचं बोलले तरी चालेल. म्हणजे दादांचा मुद्दाही राहील.

साहित्याचं म्हणाल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघा. सुमारे दहा-दहा मिनिटांचे छोटे धडे, लिबरऑफिस, लिनक्स, पायथन, एचटीएमएल. बरेचसे मराठीत आणि कन्नडमध्येही डब केलेले आहेत. त्यांची पद्धतच अशी आहे की अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्या पडद्यावर आपण तेच करायचं. उतरवून ठेवता येतात, म्हणजे सिग्नलचा प्रश्न मिटला. शहरात आलात की एकदा पेनड्राइव्हवर घ्या आणि वाडीत चालवा. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या दोन्हींचे मेनू मराठीत करता येतात. पण माझा सल्ला, मेनू इंग्रजीच ठेवा, बाहेर सगळीकडं तेच दिसणार आहेत.

शाळेतले बंद पडलेले संगणक फेकू नका. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, लुबंटूसारखी हलकी, तर ४ जीबी रॅमवर सगळं व्यवस्थित चालतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गावी येतोय, एक दिवस तुमच्या शाळेत देतो.

---

शहापूरचा झेरॉक्सवाला

शहापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, २० वर्षं झाली. स्कॉलरशिपच्या दिवसांत मुलं रांगेत असतात. मला दिसतं ते लिहितो.

पोरांना ईमेल नसतो म्हणून दुकानदार काढून देतो, स्वतःचा मोबाइल नंबर घालून, सगळ्यांना एकच पासवर्ड. मीही पूर्वी असंच करायचो. चुकीचं होतं. दोन वर्षांनी ते पोर परत येतं, पासवर्ड माहीत नाही, ओटीपी कुठल्या नंबरवर जातोय माहीत नाही, फॉर्म अडकतो. आता मी पालकांना आणायलाच लावतो. टीचर, तुमच्या कोर्सचा पहिला धडा हाच करा. आपल्याकडं गुगलचं स्वतःचं खातं १३ वर्षांपासून काढता येतं, तुमची आठवी-नववीची त्यात बसतात, तरी पालकांना शेजारी बसवूनच काढा. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची संमती सांगितली आहे. परत मिळवण्याचा नंबर आईचा किंवा वडिलांचा. पासवर्ड म्हणजे आपल्यालाच कळणारं एखादं लांब वाक्य, मैत्रिणीलाही सांगायचं नाही. ओटीपी फोनवर कुणालाही नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. आणि पैसे गेलेच तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, हा नंबर प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. पहिल्या तासाभरात फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंना त्यांच्या नातवानं हा नंबर लावून दिला होता, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरं, फॉन्ट. माझ्याकडं रोज कुणी तरी पेनड्राइव्ह घेऊन येतं, "काका, अर्ज उघडेना, नुसत्या रेघोट्या दिसतात." तो अर्ज श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये किंवा कन्नडच्या जुन्या नुडीत टाइप केलेला असतो. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीनं ती इंग्रजी अक्षरंच, वर फक्त मराठीचा किंवा कन्नडचा मुखवटा. ज्या मशिनवर मुखवटा नाही तिथं आतलं दिसतं. मुलांना सुरुवातीपासून युनिकोडच शिकवा, त्यात प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या मशिनवर एकच ठरलेला नंबर असतो.

---

मलप्रभाकाठ

सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

निपाणीच्या ताई, सर्टिफिकेटचं स्पष्ट सांगते. अशा तोंडओळखीच्या कोर्सचं प्रमाणपत्र नोकरीच्या अटीत धरत नाहीत, आणि मी पालकांना तसं खोटं सांगितलं नाही. त्या गोष्टी वेगळ्या आहेत. महाराष्ट्रात एमकेसीएल या संस्थेचा एमएससीआयटी हा संगणक कोर्स, आणि कर्नाटकात सरकारी नोकरांसाठी २०१२ च्या नियमांनुसार संगणक साक्षरता परीक्षा. ते वय झाल्यावर बघता येईल. आत्ता मिळतं ते हे की ती परीक्षा द्यायच्या वेळी मुलीला माउस धरायची भीती वाटणार नाही. तिच्या वडिलांना सांगा, डेअरीचा हिशोब आठवड्यात लेकीकडून करून घ्या, मग विचारा.

बेळगावच्या दादा, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. तुमच्यात कमी काहीच नव्हतं. येळ्ळूरकरांनी सांगितलेली दोन भागांची वही मी करणार, आणि शेवटचे दोन आठवडे इंग्रजीतून बोलायचे हेही करणार.

झेरॉक्सकाका, ईमेलचा धडा पहिला. चुकलं होतं ते आधी लक्षात आलं नाही. ११ मुलांची खाती मी माझ्या फोनवरून काढली होती. ती आता पालकांना बोलावून बदलते.

---

चिकोडी तालुका

भाषेच्या मुद्द्यावर एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. केरळनं २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू केला, आणि पुढं तो मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही मोफत वापरता आणि बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर नेला. तिथं हायस्कूलमध्ये आयटीचं वेगळं पाठ्यपुस्तक असतं, आणि ते मल्याळम, इंग्रजीबरोबर तमिळ आणि कन्नडमध्येही निघतं, कारण कासरगोडला कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. म्हणजे केरळात राहणाऱ्या कन्नड मुलाला रॅम आणि फोल्डर त्याच्या भाषेत वाचायला मिळतो. आपल्या सीमाभागातल्या मराठी मुलाला ते का मिळू नये, ही मागणी करायला आपल्याला कुणाशी भांडायची गरज नाही. घटनेच्या ३५० अ कलमात मातृभाषेतून शिक्षणाची सोय सांगितली आहे ती प्राथमिक टप्प्यापुरती, हायस्कूल त्यात येत नाही, हे खरं. पण कासरगोडचं उदाहरण समोर ठेवून अर्ज तरी करता येईल. मी मसुदा लिहायला तयार आहे, मराठी आणि कन्नड दोन्हीत.

---

जुना टायपिस्ट

मी सरकारी कचेरीत ३१ वर्षं टायपिंग केलं, मराठी आणि कन्नड दोन्ही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. टीचर, टायपिंगचा विषय कुणी घेतला नाही म्हणून लिहितो.

मुलं फोनवर इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात आणि फोन ते बदलून देतो. चालतं, पण त्यानं बोटांना काही येत नाही. इनस्क्रिप्ट शिकवा. हा कीबोर्ड सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकाच आराखड्यावर बेतलेला आहे. मराठीत ज्या कळीवर क, कन्नडमध्येही त्याच कळीवर क. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. आपलं मूल मराठी टायपिंग शिकलं की कन्नडचं टायपिंग त्याच्या बोटांत जवळजवळ फुकट येतं, फक्त भाषा बदलायची कळ दाबायची. आपली मुलं रोज दोन लिप्या वाचतात, बसच्या पाटीवर, पुस्तकात, दुकानावर. आपण ते ओझं म्हणून बघतो. कीबोर्डवर बसलं की ते ओझं राहत नाही.

एक सावधगिरी. कर्नाटकातल्या कचेऱ्यांत इनस्क्रिप्ट फार दिसत नाही, नुडीचा कीबोर्ड दिसतो, तो के. पी. राव यांच्या आराखड्यावरचा आहे. पुढं कन्नड टायपिंगची नोकरी धरायची तर तो वेगळा शिकावा लागेल. पण चौदा वर्षांच्या बोटांना दोन आराखडे जड नाहीत. मला पन्नाशीत जमले.

शनिवार-रविवार मी मोकळा असतो. खानापूरला रेल्वेनं यायला मला काहीच अडचण नाही.

---

पुण्यातला येळ्ळूरकर

काका, हे सांगितलंत फार बरं झालं. आणि टीचर, तुम्ही गणिताच्या आहात म्हणून तुमच्या मुलांसाठी एक उदाहरण देतो. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, मराठीत लिहिला की ७० वर संपतो. का? एका एसएमएसमध्ये जागा १४० बाइट. बाइट म्हणजे ८ बिट, एकूण ११२० बिट. साध्या इंग्रजीला एका अक्षराला ७ बिट लागतात, मराठीला तिथं १६. भागाकार मुलांना करू द्या. आणि मात्रा, काना हे वेगळे मोजले जातात हेही त्यांना मोजून बघू द्या. "बेळगाव" हे आपल्याला चार अक्षरं दिसतात, संगणकाला सहा: ब, मात्रा, ळ, ग, काना, व. फाइलमध्ये साठवलं तर नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे अठरा.

---

नववी ब

मी टीचरच्या वर्गातली आहे. टीचरनी हा धागा आम्हाला दाखवला. आईच्या फोनवरून लिहीत आहे.

येळ्ळूरकर सरांचं वाचून मी आणि माझ्या मैत्रिणीनं शाळेतल्या संगणकावर करून बघितलं. हिशोबाच्या तक्त्यात एक सूत्र आहे, युनिकोड नावाचं, ते अक्षराचा नंबर सांगतं. क चा नंबर २३२५ आला. शेजारच्या घरात एक मुलगा कन्नड माध्यमात नववीत आहे, त्याला बोलावलं. त्यानं कन्नड क टाइप केला. ३२२१ आला. वजा केले, ८९६. मग म घेतला. मराठी म २३५०, कन्नड म ३२४६. परत ८९६. ळ घेतला. मराठीत २३५५, कन्नडमध्ये ३२५१. परत ८९६!

मग आम्ही उलटं केलं. बेळगाव शब्दाचे सहा नंबर काढले, प्रत्येकात ८९६ मिळवले आणि नंबरावरून अक्षर देणारं दुसरं सूत्र लावलं. सगळी कन्नड अक्षरं आली. तो शेजारचा मुलगा वाचून म्हणाला, बरोबर आहे, पण आम्ही असं लिहीत नाही, आमच्या बेळगावीतला ए ऱ्हस्व आहे, तुमचा दीर्घ आला. मला ऱ्हस्व ए म्हणजे काय ते माहीत नव्हतं. त्यानं दोन्ही म्हणून दाखवले, तेव्हा फरक ऐकू आला. मग त्यानं कन्नडचा ऱ्हस्व टाइप केला, त्याचा नंबर ३२७०. ८९६ वजा केले तर २३७४. मराठीच्या तक्त्यात तो नंबर आहे, तिथं एक मात्रा दिसते, पण आमच्या पुस्तकात ती कुठंच नाही. टीचर, ती कुणासाठी ठेवली आहे?

---

जुना टायपिस्ट

बाळ, शाबास. मी आयुष्यभर दोन्ही लिप्या टाइप केल्या, पण हे मला ठाऊक नव्हतं. ती मात्रा देवनागरीत कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळमचे शब्द लिहायचे झाले तर त्यांच्या ऱ्हस्व ए साठी आहे. मराठीला लागत नाही म्हणून तुझ्या पुस्तकात नाही.

---

स्पष्ट बोलतो बेळगाव

पोरीची पोस्ट वाचली. इंग्रजीबद्दल माझं मत मी पूर्ण सोडलेलं नाही, शेवटचे दोन आठवडे इंग्रजी हे पक्कं धरा. पण मला पीयूसीत असं कुणी शोधायला लावलं असतं तर मी सोडलं नसतं.

टीचर, माझ्या दुकानात दोन संगणक पडून आहेत, जुने, पण चालू. कीबोर्ड नवीन घेऊन देतो. खानापूरपर्यंत पोहोचवायची जबाबदारी माझी.

---

मलप्रभाकाठ

दादा, दोन म्हणजे आमचे पाच झाले. पाच संगणकांवर तीन-तीन जण बसवले तर १५ मुलं होतात. घेते, आणि शाळेच्या नावानं पोच देते.

तर असं ठरवतेय. जूनच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेनऊला सुरुवात, दुपारी एकपर्यंत. उशीर केला तर मुलींना यायला जमत नाही, आणि पाऊस लागला की वाड्यांतली मुलं दुपारनंतर अडकतात. पहिल्या दिवशी पालकांसकट ईमेल आणि १९३०. येळ्ळूरकर त्या दिवशी आहेत, त्यांनी स्पोकन ट्युटोरियलचे मराठी आणि कन्नड दोन्ही धडे पेनड्राइव्हवर आणावेत. टायपिस्टकाकांनी दुसऱ्या रविवारपासून इनस्क्रिप्ट घ्यावं, स्टेशनवर आमचा एक मुलगा घ्यायला येईल. चिकोडीच्या दादांनी मसुदा इथंच टाकावा, सगळे वाचून सुधारू. निपाणीच्या ताई, तुम्हाला लांब पडेल, पण तुमच्या गावात चार मुली जमल्या तर वहीचं पान कसं आखायचं ते मी फोटो काढून पाठवते.

आणि शेजारच्या त्या कन्नड माध्यमाच्या मुलाला सांग गं, रविवारी तूही ये म्हणावं. त्याच्या घरच्यांशी मी उद्या बोलते.